तापमान नेमके कोणाचे?

कॅनडातील सडबरी या खाणींच्या गावी लॉरेन्शियन विद्यापीठ आहे. तेथील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड गेडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वयंपाकघरात अन्न गरम करायला मिळतो तसलाच एक मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांनी घेतला, टेफ्लॉनच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात रसायने भरून ते भांडे आत ठेवले आणि कळ दाबली. मिथेनॉलमध्ये नेहमीच्या पद्धतीने उकळत ठेवल्यावर ज्या अभिक्रियेला बारा तास लागत, ती येथे पस्तीस सेकंदांत उरकली. वेग सुमारे १२४० पट! त्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रेमंड जिगेर आणि जॉर्ज मॅजेटिच यांच्या गटानेही अशाच प्रयोगांचा वृत्तांत दिला. दोन्ही निबंध 'टेट्राहेड्रॉन लेटर्स' या एकाच नियतकालिकात आले आणि रसायनशास्त्राच्या जगात खळबळ उडाली.

वाचकहो, मी इतिहासाचा एम.ए. रसायनशास्त्राशी माझा संबंध मुख्याध्यापक या नात्याने प्रयोगशाळेच्या साहित्याच्या बिलांवर सही करण्यापुरता. पण आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी हा विषय एकदा सहज बोलण्यात काढला आणि मी त्यात गुंतलो. याचे कारण असे की, पुढची पंचवीस-तीस वर्षे या क्षेत्रात जो वाद चालला, तो माझ्या ओळखीचा निघाला. एखादी बखर हाती आली की इतिहासाचा विद्यार्थी प्रथम विचारतो : लिहिणारा लढाईच्या वेळी कोठे होता? रणांगणावर, छावणीत, की शंभर कोसांवरच्या वाड्यात? मायक्रोवेव्हमधील रसायनांच्या बाबतीत हाच प्रश्न थर्मामीटरला विचारायचा होता, आणि तो विचारायला फार उशीर झाला.

आधी थोडी पूर्वपीठिका. मायक्रोवेव्ह निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नळी रडारसाठी सुधारली ती ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठात. १९४० च्या फेब्रुवारीत जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी. महायुद्ध संपता संपता अमेरिकेतील पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आले की या लहरींनी खाद्यपदार्थ तापतात, आणि १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला. तो माणसाएवढा उंच होता. घरच्या ओट्यावर मावेल असा ओव्हन यायला १९६७ उजाडले. हा भाग सर्वांना थोडाफार माहीत असतो, म्हणून तेथे रेंगाळत नाही.

या ओव्हनमधील विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा मागेपुढे होते. पाण्यासारख्या द्रवाच्या रेणूला एका बाजूस थोडा धन आणि दुसऱ्या बाजूस थोडा ऋण भार असतो. क्षेत्राची दिशा पालटली की रेणू वळू पाहतो, शेजाऱ्यांना धक्के देतो, आणि त्या धक्काबुक्कीतून उष्णता निर्माण होते. चुलीवर आधी भांडे तापते आणि मग आतला पदार्थ. येथे पदार्थ स्वतःच तापतो, आणि काचेचे भांडे त्याच्यामुळे तापते. हा उलटा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आता त्या १२४० पटीकडे येऊ. ज्या अभिक्रियेला तासन्‌तास लागतात ती सेकंदांत का झाली? दोन उत्तरे शक्य होती. पहिले साधे : आतले तापमान खूपच जास्त होते. स्वीडनच्या आर्‍हेनियसने १८८९ मध्ये तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचे नाते सूत्रात बांधले. त्यावरून आलेला ठोकताळा असा की दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांनी चौपट, तीस अंशांनी आठपट आणि शंभर अंशांनी हजार चोवीस पट. मिथेनॉल उघड्यावर ६५ अंश सेल्सियसला उकळते, त्यापुढे जात नाही. पण भांडे घट्ट बंद असेल तर प्रेशर कुकरसारखा दाब वाढतो आणि द्रव उकळण्याच्या मर्यादेपलीकडे तापतो. ६५ ऐवजी १६५ च्या आसपास गेला की हजार पटीचा हिशेब जुळतो! बंद भांड्यातील दाब आणि चढलेले तापमान यांचा वाटा मोठा आहे हे गेडी यांच्या गटालाही ठाऊक होते.

दुसरे उत्तर अधिक मोहक होते : मायक्रोवेव्ह रेणूंवर उष्णतेव्यतिरिक्त काही खास परिणाम करतात, म्हणून त्याच तापमानालाही अभिक्रिया वेगाने होते. या कल्पनेला 'अ-औष्णिक परिणाम' असे भारदस्त नाव मिळाले. पदार्थविज्ञान जाणणारे लगेच सांगत की हे अवघड आहे. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे एक लक्षांश इलेक्ट्रॉन व्होल्ट. साध्या खोलीच्या तापमानाला रेणूंची जी नैसर्गिक चळवळ चाललेली असते, तिची ऊर्जाही याच्या अडीच हजार पट, आणि रासायनिक बंध तोडायला तर कित्येक इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मुंगीने धक्का दिला म्हणून देवळाचा रथ हलावा, तशातलाच प्रकार. तरीही निबंधामागून निबंध येत राहिले. त्यांत 'समान तापमानाला' असे शब्द असत आणि पुढे आकडा असे. तो आकडा कोणी, कोठे उभे राहून वाचला होता?

येथे अडचण खरोखरच मोठी होती, संशोधक आळशी होते असे मुळीच नाही. पाऱ्याचा थर्मामीटर ओव्हनमध्ये ठेवता येत नाही. पारा हा धातू, तो स्वतःच लहरींशी झोंबतो. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत तापमानासाठी सर्रास वापरतात ते थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडलेल्या तारा. ती तार मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात अँटेनाचे काम करते, तापते, ठिणग्या उडवते आणि आजूबाजूचे क्षेत्रही बिघडवते. शिवाय घरगुती ओव्हनमध्ये सर्वत्र सारखी उष्णता नसतेच. आपल्याकडे हल्ली पुष्कळ घरांत त्यात पापड भाजतात. तो एका जागी फुलतो आणि बोटभर अंतरावर कच्चाच राहतो. आतल्या लहरींचे उंचवटे आणि खळगे त्या पापडावर उमटलेले असतात. अशा जागी ठेवलेल्या कुपीचे तापमान अमुक एक असे सांगायचे तरी कसे? सुरुवातीच्या काळात पुष्कळ जण ओव्हन बंद करून, झाकण उघडून मग घाईघाईने थर्मामीटर बुडवत. तोवर लढाई संपलेली असे. काही भांडी तर दाबाने फुटलीही.

जेथे थर्मामीटर जात नाही तेथील तापमान सांगण्याची ही धडपड जुनी आहे, आणि मला तिचा इतिहास अधिक रोचक वाटतो. इंग्लंडमधला कुंभार जोसाया वेजवुड, म्हणजे चार्ल्स डार्विनचा आजोबा. त्याच्या भट्ट्यांत पारा केव्हाच उकळून गेला असता. १७८२ मध्ये त्याने युक्ती काढली : ठरावीक मातीच्या ठरावीक मापाच्या चकत्या भट्टीत ठेवायच्या, भाजल्यावर त्या आकसतात, आणि किती आकसल्या हे दोन तिरप्या पट्ट्यांमधील खाचेत सरकवून मोजायचे. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. वेजवुडचे अंश फॅरनहाइटमध्ये बदलायची पाळी आली तेव्हा मात्र गंमत झाली. त्याने आपला एक अंश १३० फॅरनहाइटचा धरला. त्या हिशेबाने चांदी वितळण्याचे तापमान ४७१७ फॅरनहाइट आले आणि बिडाचे १७,९७७. आज आपल्याला ठाऊक आहे की चांदी ९६२ सेल्सियसला, म्हणजे सुमारे १७६३ फॅरनहाइटला वितळते. बीड सुमारे ११५० ते १२०० सेल्सियसला. वेजवुडचा बिडाचा आकडा सेल्सियसमध्ये जवळजवळ दहा हजार होतो. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम! चकत्यांची मापे तो चोख घेत होता. पण माती किती आकसते हे तापमानाबरोबरच भट्टीत किती वेळ गेला आणि माती कोणत्या खाणीची यांवरही अवलंबून असते. मोजले ते मातीचे आकसणे, लिहिले ते तापमान. त्याच्या स्वतःच्या कारखान्यात मात्र ही युक्ती उत्तम चालली, कारण तेथे कालच्यासारखीच भट्टी आज लागली की नाही एवढेच पाहायचे होते.

आपल्या भागातल्या गुऱ्हाळावर गुळव्या हेच करतो. काहिलीतला पाक आला की नाही हे पाहण्यासाठी तो थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. त्याला अंश नको असतात, गूळ बसेल की नाही एवढे हवे असते, आणि त्या कामी त्याचे बोट चुकत नाही. पण त्या गोळीवरून कोणी अंश सांगू लागले तर मात्र पंचाईत.

१८८६ च्या सुमारास फ्रान्समध्ये ल शातेलिए याने प्लॅटिनमचे थर्मोकपल भट्टीत नेले आणि जर्मनीत सेगर याने ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे शंकू आणले. भट्टीचा प्रश्न त्यानंतर हळूहळू मिटला. बरोबर शंभर वर्षांनी गेडी यांचा निबंध आला आणि त्या डबीत थर्मोकपलही चालेनासे झाले. योगायोग, दुसरे काय.

परत मूळ विषयाकडे येतो. या कथेतील मला सर्वांत आवडलेला प्रसंग १९८८ ते १९९० मधला आहे. एटीपी हा सजीवांच्या पेशींतील ऊर्जेचा चलनी रेणू. तो पाण्यात तुटण्याचा वेग मायक्रोवेव्हमध्ये पंचवीस पट होतो असे अमेरिकेतील यान्‌गेन यांच्या गटाने १९८८ मध्ये लिहिले. नंतर त्याच यान्‌गेन यांनी नव्या सहकाऱ्यांसह तापमानाचा कसून पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये त्याच नियतकालिकात लिहिले की द्रावणातील खरे तापमान हिशेबात घेतले तर मायक्रोवेव्ह आणि साधे तापवणे यांत फरक उरत नाही. आपला गाजलेला निष्कर्ष दोन वर्षांत आपणच मोडून काढणारे लोक इतिहासाच्या क्षेत्रात मला फार भेटले नाहीत.

१९९१ मध्ये इंग्लंडमधून आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील केव्हिन रेनर व ख्रिस्तोफर स्ट्रॉस यांच्याकडून असेच निकाल आले. अल्कोहोल आणि आम्ल यांपासून एस्टर बनवण्याच्या अभिक्रिया त्यांनी तपासल्या. तापमान नीट सांभाळले की वेग तोच. स्ट्रॉस यांच्या गटाने तर ढवळण्याची आणि तापमान-दाब मोजण्याची सोय असलेली खास मायक्रोवेव्ह पात्रेच बनवली. त्याच १९९२ मध्ये लंडनच्या बॅगहर्स्ट आणि मिंगोस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : उघड्या भांड्यातही मायक्रोवेव्हने तापणारा द्रव आपल्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊन उकळतो. पाणी चारपाच अंशांनी, काही द्रावक त्याहून पुष्कळ अधिक. कारण बुडबुडे धरायला गरम भिंत नसते. म्हणजे 'उकळते आहे, तेव्हा तापमान पुस्तकातलेच असणार' हे गृहीतकही गेले.

हे वाचताना मला आमच्याकडचा शालेय प्रयोग आठवला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. पण मुलांच्या प्रयोगवह्या उघडा, बहुतेक वह्यांत १०० लिहिलेले सापडेल, आणि त्यावर बरोबरची खूण. पारा ९७ च्या पुढे गेला नाही असे प्रामाणिकपणे लिहिणारा एखादाच. त्याला 'थर्मामीटर खराब असेल' असे सांगितले जाते!

मग मायक्रोवेव्हच्या आत जाईल असा तापमापक कोणता? उत्तर मिळाले ते काचेच्या धाग्यात. प्रकाशवाहक तंतूत धातू नसल्याने लहरी त्याला हात लावत नाहीत. तंतूच्या टोकाशी एखादा इवलासा स्फटिक बसवतात. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक असेल तर तो कोणत्या रंगापर्यंतचा प्रकाश शोषतो ती सीमा तापमानाबरोबर सरकते, परतलेल्या प्रकाशावरून ती वाचता येते. दुसऱ्या प्रकारात टोकाला प्रकाश देणारा पदार्थ लावतात. त्याची चमक गरम असताना लवकर विझते, थंड असताना सावकाश, आणि विझायला लागलेल्या वेळावरून अंश कळतात. युक्ती सुंदर, पण तंतू नाजूक, महाग, तीनशे अंशांच्या आसपास थकणारा. शिवाय त्याला जपण्यासाठी काचेच्या नळीत घातले की तो थोडा मागे पडतो. आत तापमान झरझर चढत असेल तर तंतू काही सेकंदांपूर्वीची बातमी देतो.

म्हणून २००० सालाच्या सुमारास रासायनिक कामासाठी खास बनवलेली मायक्रोवेव्ह यंत्रे प्रयोगशाळांत पसरली, तेव्हा त्यांतील बहुतेकांत अवरक्त संवेदक होता. तो लांबूनच भांड्याच्या बाहेरच्या भिंतीकडे पाहतो आणि तिच्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून तापमान सांगतो. आईने तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसे. स्वस्त, सोयीस्कर आणि न मोडणारा. पण मी वर लक्षात ठेवायला सांगितलेला उलटा क्रम आठवा. येथे आतला द्रव आधी तापतो आणि काच त्याच्या मागून. जाड काचेच्या बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमीच. त्यात काहींनी अशी पद्धत काढली की बाहेरून गार हवा सोडत राहायचे, म्हणजे यंत्राला अधिक मायक्रोवेव्ह ओतता येतील. बाहेरची भिंत गार, संवेदक म्हणतो तापमान कमी, आणि अभिक्रिया मात्र धडाक्यात. मग 'कमी तापमानाला एवढा वेग' हा खास परिणामाचा पुरावा म्हणून छापला जाई.

ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने हे प्रकरण धसाला लावले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी एकाच कुपीत वेगवेगळ्या उंचीवर अनेक प्रकाशतंतू सोडले. न ढवळलेल्या द्रावणात वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळी तापमाने निघाली. बाहेरचा अवरक्त आकडा आणि आतला तंतूचा आकडा यांत, विशेषतः गार हवा सोडलेली असताना, मोठी तफावत होती. दुसऱ्यांनी खास परिणाम दिसल्याचे सांगितलेले प्रयोग त्यांनी आतून मोजत आणि ढवळत पुन्हा केले, आणि खास परिणाम नाहीसा झाला.

२००९ मधील त्यांची पुढची युक्ती तर एखाद्या निष्णात वकिलाला शोभेल. त्यांनी काचेच्या कुपीऐवजी तशाच आकाराची सिलिकॉन कार्बाइडची कुपी केली. हा पदार्थ मायक्रोवेव्ह स्वतःच गिळतो, झटकन तापतो आणि उष्णता उत्तम वाहतो. यंत्र तेच, तापण्याचा वेग तोच, तापमान तेच, फक्त आतल्या रसायनांपर्यंत लहरी जवळजवळ पोचत नाहीत. लहरींत काही जादू असेल तर ती काचेच्या कुपीत दिसावी आणि काळ्या कुपीत दिसू नये. डझनाहून अधिक अभिक्रिया दोन्ही कुप्यांत करून पाहिल्या. उतारा जवळजवळ सर्वत्र सारखाच आला.

वाद येथे मिटला असे समजू नये. २०१३ मध्ये काप्पे आणि सहकाऱ्यांनी खास परिणाम ही दंतकथा की वस्तुस्थिती, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख एका मान्यवर जर्मन नियतकालिकात लिहिला, आणि फ्लोरिडातील ग्रेगरी डडली यांच्याशी त्यांची खडाजंगी झाली. डडली यांचे म्हणणे जादूचे नव्हते. लहरी न शोषणाऱ्या द्रावकात लहरी शोषणारे रेणू विरघळवले तर ते रेणू भोवतालच्या द्रवापेक्षा क्षणभर अधिक तापू शकतात आणि तंतू सांगतो ते सरासरी तापमान, असा त्यांचा मुद्दा. द्रवात हा फरक टिकतो का यावर अजून एकमत नाही. मला मात्र येथे वादाची जागाच बदललेली दिसते. पूर्वी विचारत, लहरींत कोणती शक्ती आहे? आता विचारतात, तापमान कोणाचे?

घन पदार्थांच्या बाबतीत उत्तर जरा पक्के आहे. १९९९ मध्ये मिंगोस यांच्याच गटाने मॉलिब्डेनम सल्फाइड या उत्प्रेरकावर हायड्रोजन सल्फाइड वायूचे विघटन मायक्रोवेव्हमध्ये केले. मोजलेल्या तापमानाला जेवढे विघटन होऊ शकते त्याहून अधिक झाले. समतोलाचे गणित मोडता येत नाही. तेव्हा त्यांनी उलटे गणित मांडले : एवढे विघटन व्हायला कोणते तापमान लागेल? उत्तर आले, मोजलेल्यापेक्षा शंभर ते दोनशे अंश जास्त. उत्प्रेरकाच्या थरात मिलिमीटरच्या दशांशापासून एक मिलिमीटरपर्यंतचे तप्त ठिपके पडत होते आणि थरात खुपसलेल्या तापमापकाला त्यांचा पत्ताच नव्हता. तेथे अभिक्रियेनेच थर्मामीटरचे काम केले.

या साऱ्याचा व्यवहारात परिणाम झाला तो असा. मायक्रोवेव्ह द्रवात काही सेंटिमीटरच शिरतात. त्यामुळे कुपीत साधलेली गोष्ट मोठ्या टाकीत साधत नाही. खास शक्ती असती तर उद्योगांनी त्या अडचणीवर हवा तेवढा पैसा ओतला असता. पण किमया निव्वळ उष्णतेची आहे म्हटल्यावर उष्णता कोठूनही आणता येते. काप्पे यांच्या ग्राझमधील गटाने पुढे पोलादाच्या बारीक नळ्या साध्या विजेने तापवून, त्यांतून दाबाखाली रसायने वाहती ठेवून तेच वेग मिळवायला सुरुवात केली. त्या नळ्यांत जुने थर्मोकपल बिनतक्रार चालते.